रिमोट घ्यावा, पण कोणता?



गेल्या महिन्यात एका दुपारी शेजारच्या घरी वाटीभर साखर परत द्यायला गेले होते. घरात आजी एकट्याच. मुलगा कारखान्यात पहिल्या पाळीला, सून रुग्णालयात आयाच्या कामावर, नातू शाळेत. समोर टी.व्ही. चालू होता, पण पडद्यावर चित्र नव्हते. नुसता निळा रंग आणि मधोमध इंग्रजीत दोन शब्द. आजी त्याच्यापुढे खाटेवर गुपचूप बसून होत्या.

मी विचारले, "आजी, हे काय बघत बसलात?"

"काय बघायचं पोरी! सकाळी नातवानं कायतरी दाबलं न् पळाला शाळंला. तवापासनं असंच हाय."

"मग बंद तरी करायचा."

"आन् बंद केल्यावर पुन्हा लागला न्हाई तर? पोरगं म्हणंल, आईनं बिघडवला."

दुपारचे अडीच वाजले होते. म्हणजे सकाळी सातपासून ही बाई निळ्या पडद्यापुढे बसली होती. शेजारी स्टुलावर चार रिमोट ओळीने मांडलेले. एक टी.व्ही.चा, एक केबलच्या बॉक्सचा, एक गाणी ऐकायच्या होम थिएटरचा आणि एक इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणाऱ्या कांडीचा. आजींनी त्यातल्या एकालाही हात लावला नव्हता. तीस वर्षे नगरपालिकेच्या झाडू खात्यात पहाटे पाचच्या हजेरीला कधी न चुकलेली ही बाई, आपल्याच घरातल्या वस्तूला हात लावायला भीत होती. "आई, तू हात लावू नकोस, तुला कळायचं नाही," हे वाक्य त्या घरात रोज कुणीतरी बोलत असणार. आपल्याही घरात ते बोलले जात नाही ना, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

संध्याकाळी मुलगा घरी आल्यावर मी विषय काढला. तो म्हणाला, "ताई, मी सगळ्यांना मिळून एकच रिमोट मागवणारच आहे. युनिव्हर्सल. पन्नास बटणांचा आहे, सगळं चालतं त्यावर."

मी म्हटले, "भाऊ, घे जरूर. पण दिवसभर तो कुणाच्या हातात असणार, ते आधी ठरव."

त्यावरून आमचे जे बोलणे झाले आणि पुढे जे करून पाहिले, ते आजच्या लेखात सांगते. आज बहुतेक घरांत हीच अडचण आहे.

एवढे रिमोट आले कुठून?

मुंबईत दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्या काळच्या संचाला कान पिळायची बटणे होती. चॅनल एक, फार तर दोन. उठून बटण फिरवले की काम झाले. १९९२ नंतर केबलवर खाजगी वाहिन्या आल्या आणि रिमोट ही गरज झाली. तरीही केबलची तार सरळ संचात जात असल्यामुळे एका रिमोटवर भागत असे. ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर मुंबईत आणि पुढे टप्प्याटप्प्याने गावोगावी जुनी केबल बंद झाली व सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. तेव्हापासून वाहिनी बदलायची बॉक्सवर आणि संच लावायचा टी.व्ही.वर, अशी दोन खाती झाली. त्यात कुणी स्पीकर आणले, कुणी इंटरनेटची कांडी लावली. वस्तू एकेक करून आली आणि प्रत्येकीने आपला रिमोट बरोबर आणला.

सगळ्यांचा मिळून एक रिमोट करावा, ही कल्पना काही आजची नाही. ॲपल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेले स्टीव्ह वॉझनिॲक यांनी ती कंपनी सोडल्यावर १९८७ साली 'कोर' नावाचा असाच रिमोट बाजारात आणला होता. तो इतर रिमोटकडून त्यांची भाषा शिकून घेत असे. पण तो चालवायला इतका किचकट होता की सामान्य घरात रुजलाच नाही. अडचण त्या काळी होती तीच आजही आहे. रिमोट सर्व काही करू शकतो, पण घरातल्या माणसाला तो वापरता आला पाहिजे.

रिमोट बोलतो कसा?

रिमोटच्या टोकाला एक छोटा दिवा असतो. आपण बटण दाबले की त्यातून अवरक्त किरण बाहेर पडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. हा दिवा सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा उघडझाप करतो आणि त्या उघडझापीच्या छोट्या-मोठ्या झुबक्यांतून संदेश जातो, जसा तारखात्यात कट्ट-कड कट्ट जात असे. प्रत्येक कंपनीची ही भाषा वेगळी. म्हणून एका कंपनीच्या रिमोटला दुसरीचा संच ओळख दाखवत नाही. युनिव्हर्सल रिमोट म्हणजे ज्याला अशा अनेक भाषा येतात किंवा शिकवता येतात, तो.

यावरून एक फुकटची परीक्षा करता येते. रिमोट बिघडला असे वाटले, तर मोबाईलचा कॅमेरा चालू करून रिमोटचे टोक त्याच्यापुढे धरावे आणि बटण दाबावे. मोबाईलच्या पडद्यावर जांभळट किंवा पांढरा ठिपका लुकलुकताना दिसला, तर रिमोट किरण सोडतो आहे. मागच्या कॅमेऱ्यातून दिसले नाही तर पुढच्या, म्हणजे स्वतःचा फोटो काढायच्या कॅमेऱ्यातून पाहावे. काही फोनमध्ये मागच्या कॅमेऱ्याला हे किरण अडवणारी काच असते. ठिपका मुळीच दिसला नाही, तर आधी सेल बदलावेत. सेलखालच्या स्प्रिंगवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर ती खोडरबराने घासून, कोरड्या कापडाने पुसावी आणि हात धुवावेत. चार-दोन बटणेच चालत नसतील, तर रिमोट खोलून आतील रबर व पाटी स्वच्छ कोरड्या कापडाने पुसून पाहावी. पुष्कळ रिमोट एवढ्यावर सुधारतात आणि नवा घेण्याचा खर्च वाचतो.

घरातच असलेला युनिव्हर्सल रिमोट

आता मुद्द्याची गोष्ट. दुकानात जाण्यापूर्वी आपल्या केबलच्या किंवा डिशच्या बॉक्सचा रिमोट नीट पाहावा. पुष्कळ रिमोटवर चौकटीत वेगळी काढलेली चार-पाच बटणे असतात आणि त्या चौकटीवर 'टी.व्ही.' असे लिहिलेले असते. आपण ती कधी दाबत नाही, कारण दाबली तरी काही होत नाही. ती बटणे रिकाम्या पाटीसारखी असतात. त्यांवर आपल्या टी.व्ही.ची बटणे लिहून घ्यायची असतात.

बहुतेक रिमोटची रीत अशी. चौकटीतले 'सेट' लिहिलेले बटण लाल दिवा स्थिर पेटेपर्यंत दाबून धरावे. मग चौकटीतले जे बटण शिकवायचे ते, समजा लाल बटण, एकदा दाबावे. आता टी.व्ही.चा मूळ रिमोट आणि हा रिमोट टोकाला टोक लावून, मध्ये दोन बोटांचे अंतर ठेवून, टेबलावर समोरासमोर ठेवावेत. मूळ रिमोटचे लाल बटण दाबावे. दिवा लुकलुकला की शिकवणी झाली. असेच आवाज वाढवणे, आवाज कमी करणे आणि 'ए.व्ही.' किंवा 'सोर्स' ही बटणे शिकवावीत. शेवटी पुन्हा 'सेट' दाबावे. कंपनीप्रमाणे थोडाफार फरक असतो. तो केबलवाल्याला विचारावा, किंवा बॉक्सबरोबर आलेल्या कागदावर पाहावा.

'सोर्स'चे बटण का शिकवायचे, तेही सांगते. संचाच्या मागे तारा खोचायच्या अनेक जागा असतात. बॉक्सची तार एका जागी, कांडी दुसऱ्या जागी. संच ज्या जागेकडे पाहतो तेथे काही नसले की निळा पडदा येतो. आजींच्या टी.व्ही.ला झाले होते ते एवढेच. बिघडले काहीच नव्हते. नातवाने कांडी पाहून झाल्यावर संच परत बॉक्सकडे वळवला नव्हता. 'सोर्स' दाबून यादीतून बॉक्सची जागा निवडली की चित्र परत येते. हे आजींना त्याच संध्याकाळी दोनदा करून दाखवले. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः केले.

हे सर्व करण्यासाठी मूळ रिमोट जिवंत असला पाहिजे, हे ध्यानात ठेवावे. तो मेल्यावर शिकवणार कोण? म्हणून हे काम आजच करावे, आणि त्यानंतर मूळ रिमोट सेल काढून, पिशवीत घालून कपाटात ठेवावा. टाकून देऊ नये.

विकत घ्यायचा तर

ज्यांच्याकडे अशी सोय नाही किंवा मूळ रिमोट हरवला आहे, त्यांनी आपली गरज कोणती ते आधी ओळखावे.

पहिली गरज, एकच रिमोट मोडला आहे. अशा वेळी युनिव्हर्सलच्या नादाला लागू नये. त्याच मॉडेलसाठी बनवलेला जोड रिमोट शे-दोनशे रुपयांच्या आसपास मिळतो आणि शिकवल्याशिवाय चालतो. दुकानात जाताना जुना रिमोट, तो नसेल तर संचाच्या पाठीवरच्या चिठ्ठीचा फोटो बरोबर न्यावा. रिमोट दिसायला सारखा आहे म्हणून चालेलच असे नाही, मॉडेलचा क्रमांक जुळला पाहिजे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेत या मालाची पुष्कळ दुकाने आहेत, पण गल्लीतला टी.व्ही. दुरुस्तीवालाही बहुधा आणून देतो, आणि चालला नाही तर परत घेतो. ही परतीची बोली पैसे देण्यापूर्वी करावी.

दुसरी गरज, मूळ रिमोट नाही आणि मॉडेलही सापडत नाही. मग संकेतांकाचा युनिव्हर्सल रिमोट घ्यावा. त्याच्या पोटात अनेक कंपन्यांच्या भाषा आधीच भरलेल्या असतात. सोबतच्या कागदावर आपल्या कंपनीपुढचे आकडे पाहून ते भरावे लागतात. नाहीतर संचासमोर धरून आपोआप शोधण्याचे बटण दाबावे लागते. संचाने प्रतिसाद दिला, म्हणजे तो बंद झाला किंवा आवाजाची पट्टी दिसली, की तेथेच थांबावे. तो कागद जपून ठेवावा. अगदी नवखी किंवा फार जुनी कंपनी असेल तर यादीत तिचे नाव आहे की नाही, ते आधीच पाहावे.

तिसरी गरज, सगळे रिमोट चालू आहेत, पण ते चार आहेत. तेव्हा शिकवता येणारा, म्हणजे 'लर्निंग' लिहिलेला रिमोट घ्यावा. त्यातही दुकानदाराला एक प्रश्न अवश्य विचारावा, "सेल काढले तर शिकवलेलं पुसलं जातं का?" काही हलक्या मालात ते पुसले जाते आणि दर सेल बदलीला नव्याने शाळा भरवावी लागते.

काही मोबाईलमध्ये, उदाहरणार्थ शाओमी-रेडमीच्या बऱ्याच फोनांत, वरच्या कडेला असाच किरणांचा दिवा असतो व त्यातून टी.व्ही. चालतो. अडीअडचणीला ते ठीक. पण ज्याचा फोन तो कामावर निघाला की घरचा रिमोटही निघाला. घरात मागे राहणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

महागाच्या मोहातही पडू नये. लॉजिटेक कंपनीचे 'हार्मनी' नावाचे युनिव्हर्सल रिमोट जगभर नावाजलेले होते, पण २०२१ साली कंपनीने ते बनवणे बंद केले. आपल्या घरच्या कामाला साधा शिकवता येणारा रिमोट पुरेसा आहे.

येथे फसगत होते

इंटरनेटच्या कांडीचा रिमोट बहुधा किरणांवर चालत नाही, तो ब्लूटूथवर चालतो. ॲमेझॉनच्या फायर टी.व्ही. स्टिकचे तसेच आहे. कॅमेऱ्याच्या परीक्षेत अशा रिमोटची बाण-बटणे दाबली तर ठिपका दिसत नाही. साधा युनिव्हर्सल रिमोट त्या कांडीला कितीही दाखवला तरी ती ऐकणार नाही. 'सगळं चालतं' म्हणून घेतलेला रिमोट येथे अडतो. त्यावर बिनखर्चाचा एक उपाय आहे. टी.व्ही.च्या सेटिंगमध्ये सॅमसंगवर 'एनीनेट प्लस', एल.जी.वर 'सिम्प्लिंक', सोनीवर 'ब्राव्हिया सिंक' या नावाने एक सोय असते. ती चालू केली की पुष्कळदा टी.व्ही.च्याच रिमोटच्या बाणांनी कांडीही चालते.

दुसरी फसगत लाल बटणाची. टी.व्ही. आणि बॉक्स दोन्ही एकाच बटणाने बंद-चालू करायला गेले की कधी एक चालू होतो आणि दुसरा बंद. मग माणूस गोंधळतो. सोपी रीत अशी की, दिवसभर बॉक्स चालूच ठेवावा आणि रिमोटने फक्त टी.व्ही. बंद-चालू करावा. रात्री झोपताना भिंतीवरचे बटण बंद करावे. बॉक्स रिमोटने बंद केला तरी वीज खातच राहतो. भिंतीचे बटणच त्याला थांबवते.

ज्याच्या हातात द्यायचा त्याला विचारा

निवडताना रिमोट त्या माणसाच्या हातात देऊन पाहावा. बटणे मोठी आणि एकमेकांपासून दूर आहेत का? आकडे चष्म्याशिवाय दिसतात का? बोटे कामाने राठ झालेल्यांना बारीक, गुळगुळीत बटणे कळत नाहीत. उठावदार रबरी बटणे त्यांना बरी. पन्नास बटणांतली वापरात येतात आठ-दहा. राहिलेल्यांवर जाड चिकटपट्टी लावून टाकावी. चालू-बंदच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका, 'सोर्स'वर पांढरा ठिपका द्यावा. मग इंग्रजी वाचता येण्याची अट उरत नाही. रिमोटला दोरी बांधून खाटेजवळ खिळ्याला अडकवला तर तो गादीखाली हरवतही नाही.

आणि लहान मुले असलेल्या घरांसाठी एक कडक सूचना. होम थिएटर, रंगीत दिव्यांच्या माळा यांच्या पातळ रिमोटमध्ये नाण्यासारखा चपटा बटन सेल असतो. तो लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर जखम होऊ शकते. झाकण सैल झालेला असा रिमोट घरात ठेवूच नये, निदान झाकणावर चिकटपट्टी तरी गुंडाळावी. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नये, घरगुती उपायात वेळ घालवू नये, मुलाला तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे. शक्यतो पेन्सिल सेलवर चालणारा रिमोटच पसंत करावा. वापरलेले सेल चुलीत किंवा शेकोटीत टाकू नयेत.

शेवटी काय झाले?

शेजारच्या घरी त्या संध्याकाळी एकही रिमोट विकत घ्यावा लागला नाही. केबलच्या रिमोटवर ती चौकट होतीच, तीन वर्षे कुणी पाहिली नव्हती. नातवाने अर्ध्या तासात चारही बटणे शिकवली. कांडी आता टी.व्ही.च्या रिमोटने चालते, तो रिमोट पोरांचा. होम थिएटरचा रिमोट कपाटात गेला. आजींच्या खाटेजवळ दोरीला एकच रिमोट लटकतो, लाल ठिपक्याचा.

मुलाला मात्र मी एक सांगितले, आणि तेच येथे सर्वांना सांगते. रिमोट शिकवायला अर्धा तास लागला, आईला शिकवायला वीस मिनिटे. हा वेळ तीन वर्षांत सापडला नाही, कारण "तुला कळायचं नाही" म्हणायला एक क्षण पुरतो. तो खाली मान घालून हसला. सून म्हणाली, "ताई, मलाही तो सोर्सचा प्रकार आजच कळला. मी पण यांचीच वाट बघत बसायचे."

परवा रात्री आठच्या सुमारास त्यांच्या दारावरून जात होते. नातू यंदा दहावीला आहे. खोली एकच, त्यामुळे अभ्यास आणि टी.व्ही. एकाच भिंतीला. मालिका रंगात आली होती. आजींनी दोरीचा रिमोट ओढला, लाल ठिपका दाबला आणि पडदा काळा झाला. मुलगा म्हणाला, "अगं आई, पाच मिनिटं राहिली होती!"

आजी म्हणाल्या, "उद्या दुपारी पुन्हा लागतीया, तवा मी बघीन आन् तुला सांगीन. पोराला वाचू दे."